सारण, साटा आणि भट्टी : सुरतेतील एका न रुजलेल्या पदार्थाचा इतिहास

मैद्याच्या खुसखुशीत पारीत साखर, दालचिनी आणि जायफळ लावलेल्या सफरचंदाच्या फोडी भरून, वरून दुसऱ्या पारीने झाकून, चारी बाजूंनी येणाऱ्या कोरड्या उष्णतेत भाजलेल्या पदार्थाला ‘ॲपल पाय’ असे नाव आहे, आणि मराठी कानाला त्यातील ‘पाय’ काहीसा विचित्र वाटला तरी पदार्थाची कल्पना परकी वाटू नये इतकी ती करंजीला जवळची आहे. पारी, सारण आणि अग्नी या तीन घटकांत हा पदार्थ विभागला, तर सतराव्या शतकातील सुरत बंदरात त्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व साहित्य एकाच बाजारपेठेत उपलब्ध होते असे दिसते. भडोच-सुरतेच्या काळ्या जमिनीतला गहू होता, साखर आणि तूप होते, डच जहाजांतून येणारी सिंहली दालचिनी आणि मोलुक्का बेटांतील लवंग-जायफळ होते, आणि ज्यांच्या मायदेशी हा पदार्थ घरोघरी होत असे असे इंग्रज व डच व्यापारी तापीच्या काठी वखारी थाटून राहत होते. तरीही सुरतेच्या खाद्यसंस्कृतीत हा पदार्थ रुजला नाही. नानखटाई रुजली, बटर रुजले, खारी रुजली. सफरचंदाचा पाय मात्र अगदी अलीकडच्या काळापर्यंत परदेशी पुस्तकांतच राहिला. सफरचंद मिळत नव्हते, हे त्याचे सर्वांना सुचणारे कारण अपुरे आहे, कारण पारीत दुसरे कोणतेही सारण भरता येते. खरे कारण अग्नीच्या जागेत, म्हणजे घरातील चूल आणि बाजारातील भट्टी यांच्यामधल्या अंतरात शोधावे लागते.

प्रथम फळाचा प्रश्न. गुजरातीत सफरचंदाला ‘सफरजन’ म्हणतात आणि हा शब्द अरबी ‘सफरजल’ या शब्दाशी जोडला जातो. परंतु अरबीत सफरजल म्हणजे सफरचंद नव्हे, तर त्याच कुळातले, कच्चे खाता न येणारे आणि शिजवल्यावर गुलाबी होऊन सुगंध सोडणारे ‘बिही’ हे फळ होय. मराठीने त्याच शब्दाच्या शेवटी ‘चंद’ जोडून त्याला आपल्या ओळखीचे रूप दिले. ज्या फळाचे नावच दुसऱ्या फळाकडून उसने घेतलेले आहे, ते फळ पश्चिम किनाऱ्यावर नित्याच्या पाहण्यातले नव्हते, एवढे अनुमान त्यावरून निश्चित काढता येते. पोर्तुगीजांच्या ‘पेरा’, म्हणजे नासपती, या शब्दावरून मराठीने अमेरिकेतून आलेल्या एका वेगळ्याच फळाला ‘पेरू’ म्हटले, त्याच जातीचा हा प्रकार आहे. उत्तरेत परिस्थिती निराळी होती. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये याने सतराव्या शतकाच्या मध्यास दिल्लीच्या फळबाजाराचे जे वर्णन केले आहे, त्यात इराण, बल्ख, बुखारा आणि समरकंद येथून येणारा सुका मेवा, कापसात गुंडाळून आणलेली द्राक्षे आणि तीन-चार जातींची सफरचंदे व नासपती यांचा उल्लेख आहे. ही फळे हिवाळ्यात, खुश्कीच्या मार्गाने आणि अमीर-उमरावांच्या ऐपतीला परवडेल अशा भावाने येत. सुरतेचा इराणशी संबंध मुख्यतः समुद्रमार्गे, आखातातील बंदर अब्बास आणि बसरा या बंदरांतून होता, आणि उष्ण जहाजाच्या पोटात ताजे सफरचंद टिकणे कठीण असल्यामुळे त्या वाटेने जर्दाळू, मनुका, बदाम, पिस्ते असा सुकाच मेवा प्रामुख्याने येई. सुरतेच्या गोड पदार्थांतील सारणे आजही ताज्या फळांची नसून सुक्या मेव्याची, डाळीची आणि खव्याची आहेत, याचे एक मूळ या जहाजी व्यापारात आहे.

युरोपातही पायचे आरंभीचे रूप आजच्यापेक्षा बरेच वेगळे होते. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्याशी निगडित असलेल्या आणि इ.स. १३९० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या संग्रहात सफरचंद, नासपती, अंजीर, मनुका, मसाले आणि केशर यांच्या सारणाची कृती आहे. तीत साखर नाही, आणि बाहेरच्या पिठाच्या कवचाला जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ पेटी असा होतो. हे कवच जाड आणि कठीण असे, ते खाण्यापेक्षा भांडे म्हणून अधिक उपयोगी पडे, कारण आतील पदार्थाचा रस आणि वाफ त्यामुळे कोंडून राहत असे. डच भाषेतही सोळाव्या शतकाच्या आरंभी, इ.स. १५१४ च्या सुमारास ब्रुसेल्स येथे छापलेल्या एका पाककृतिसंग्रहात सफरचंदाच्या टार्टची कृती आढळते. म्हणजे सुरतेत वखार घालणाऱ्या डचांना हा पदार्थ निदान शंभर वर्षांपासून लिखित रूपात ठाऊक होता.

कवच म्हणजेच भांडे, ही कल्पना भारतीय स्वयंपाकाला मात्र दुसऱ्या वाटेने परिचित होती. पातेल्याचे झाकण कणकेच्या पट्टीने लिंपून, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून पदार्थ स्वतःच्या वाफेत शिजवण्याच्या पद्धतीस ‘दम’ म्हणतात. इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन हा १६८९ साली सुरतेस आला आणि १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात वखारीच्या पंगतीचे तपशीलवार चित्र आहे. त्या मुदपाकखान्यात इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तिन्ही प्रकारचे आचारी ठेवलेले होते, जेणेकरून प्रत्येकाच्या जिभेची सोय व्हावी, आणि ताटांत पुलाव, कबाब यांच्याबरोबर बदाम-मनुका भरून लोण्यात दम दिलेली कोंबडीही असे. बदाम-मनुकांचे सारण, लोणी आणि कोंडलेली वाफ यांचा हा संयोग लक्षात घेतला, तर मध्ययुगीन इंग्लिश पाय आणि मोगली दम हे दोन पदार्थ सुरतेच्या एकाच टेबलावर समोरासमोर आले होते असे म्हणण्यास हरकत नाही. फरक एवढाच की एकीकडे कणिक सारणाभोवती होती आणि दुसरीकडे ती झाकणाच्या कडेला होती.

सुरतेच्या गव्हाविषयी परकीय प्रवाशांनी लिहिले आहे ते बहुतांशी कौतुकाचेच आहे. सर टॉमस रो या राजदूताबरोबर राहिलेला एडवर्ड टेरी हा धर्मोपदेशक १६१६ साली सुरतेस उतरला. १६५५ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तो येथील गहू इंग्लंडच्या गव्हापेक्षा अधिक भरदार आणि पांढरा असल्याचे सांगतो, आणि सामान्य लोक लहान गोल लोखंडी तव्यांवर जाड भाकऱ्या भाजतात व प्रवासात हे तवे बरोबर बाळगतात असे नोंदवतो. या तव्यात या लेखाच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तव्याखाली अग्नी असतो, वर नसतो; पदार्थ उलटावा लागतो; आणि जो पदार्थ उलटता येत नाही, म्हणजे ज्यात रसाळ सारण आहे आणि ज्याची वरची पारी खालच्या पारीइतकीच भाजली जायला हवी, तो तव्यावर होऊ शकत नाही. तो तळता येतो. गुजरातचा घुघरा आणि महाराष्ट्राची करंजी कढईत गेली याचे कारण हेच आहे, कारण उकळते तूप पदार्थाला चहूकडून वेढून भट्टीचेच काम करते. सारण भरलेल्या गोडाला भारतीय घरात जी गती मिळाली, ती भाजण्याकडे नव्हे, तर तळण्याकडे जाणारी होती.

भट्टी ही वेगळी वास्तू आहे. विटा आणि माती यांच्या घुमटाकार पोकळीत लाकडे जाळून आतील भिंती तापवायच्या, राख आणि निखारे ओढून काढायचे आणि भिंतींत साठलेल्या उष्णतेवर भाजायचे, असे तिचे तत्त्व आहे. एकदा तापवलेल्या भट्टीची उष्णता हळूहळू उतरत जाते आणि त्या उतरत्या उष्णतेचा क्रमच बेकरीचा दिनक्रम ठरवतो : आधी पाव, मग बिस्किटे आणि नानखटाई, आणि शेवटी, भट्टी कोमट झाल्यावर, आदल्या दिवशीचे पाव रात्रभर वाळवण्यासाठी आत ठेवले जातात. एका घरासाठी अशी भट्टी पेटवणे म्हणजे एका पोळीसाठी होळी पेटवण्यासारखे आहे. म्हणून भट्टी सर्वत्र सामुदायिक किंवा व्यावसायिक असते. युरोपातील खेड्यांतही घरोघरी भट्टी नसे आणि बायका आपले कालवलेले पीठ गावच्या भट्टीवर नेत.

पश्चिम किनाऱ्यावर अशी भट्टी आणली ती पोर्तुगीजांनी. १५१० साली गोवा, १५३४ साली वसई आणि १५५९ साली दमण त्यांच्या ताब्यात आले. ख्रिस्ती उपासनेसाठी गव्हाची रोटी अनिवार्य असल्यामुळे चर्चच्या मागोमाग भट्टी आली, आणि यीस्ट, म्हणजे पीठ फुगवणारे किण्व, मिळत नसल्यामुळे माडाच्या ‘सुरे’ने, म्हणजे ताडीने, पीठ आंबवण्याची रीत गोव्यात रूढ झाली. मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला हे सर्वज्ञात आहे, त्यामागे पाय लावून पीठ तुडवण्याची जी लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते, ती केवळ शब्दांच्या साम्यातून, आणि बहुधा पावाविषयीच्या तिटकाऱ्यातून, निर्माण झालेली आहे.

सुरतेत इंग्रजांची वखार १६१३ साली आणि डचांचे व्यापारी ठाणे १६१६ नंतर उभे राहिले. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा या दोन्ही वखारींनी स्वतःचा बचाव केला होता. तापीकाठच्या नानपुरा भागात डचांच्या नावाची बाग आजही आहे आणि कतारगाम दरवाज्याजवळच्या दफनभूमीत ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथाचा कर्ता हेंड्रिक व्हॅन ऱ्हेडे याची, १६९१ साली झालेल्या मृत्यूनंतर बांधलेली, भव्य घुमटी उभी आहे. सुरतेच्या बेकरी व्यवसायाची परंपरागत कथा या डच वसाहतीपाशी सुरू होते. ती अशी सांगितली जाते : डचांनी आपल्या भट्टीवर पाच पारशी कामाला ठेवले, वखार मोडल्यावर भट्टी त्यांच्यापैकी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली, परकीय गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा ताडीने आंबवलेले पाव न विकले जाता पडून राहू लागले, परंतु ते बुरसत नसत, केवळ सुकत, आणि हे सुके पाव लोक स्वस्तात नेऊ लागले, पुढे पाव मुद्दाम वाळवून विकण्याची रीत पडली आणि तिच्यातून ‘बटर’ नावाचा कडक प्रकार निघाला. गोड बिस्किटातून अंडे आणि ताडी वगळल्यावर नानखटाई उरली, असा त्याच कथेचा पुढचा भाग आहे.

ही कथा दोटीवाला बेकरीच्या नावाशी जोडलेल्या १८६१ या सालाशी सहजासहजी जुळत नाही. इंग्रजांनी १७९५ साली सुरतेतील डच ठाणे ताब्यात घेतले, १८१८ मध्ये ते परत केले आणि १८२४ च्या इंग्रज-डच तहान्वये डचांचा भारतातील सर्व हक्क संपला. म्हणजे डचांचे निघून जाणे आणि दुकानाचे स्थापना-वर्ष यांत निदान एका पिढीचे अंतर राहते. कदाचित भट्टी हस्तांतरित झाल्यावर ती बराच काळ नावाविना चालली असेल. कदाचित कथेने दोन टप्पे एकत्र बांधले असतील. तथापि कथेचा तांत्रिक गाभा विश्वसनीय आहे, कारण ताडीतील किण्वाबरोबर आम्ल तयार करणारे जंतूही असतात, आणि अशा आंबट पिठाचा पाव साध्या पावापेक्षा अधिक काळ टिकतो. ‘नानखटाई’ या शब्दातील ‘नान’ फारसी, म्हणजे रोटी. ‘खटाई’ या भागाचा अर्थ ‘खता’ म्हणजे चीन देशाचा असा काही लावतात, तर काही जण तो बिस्किटवाचक प्रादेशिक शब्द मानतात. डच कथेला यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती पाठिंबा देत नाही, हेही नमूद करायला हवे. याच भट्ट्यांतून निघणारा सुरतेचा ‘बतासा’ म्हणजे मराठीतील साखरेचा बत्तासा नव्हे, तर तूप आणि जिरे घातलेले, खमंग भाजलेले गोल खारे बिस्कीट होय, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

सुरतेच्या भट्टीतील या पदार्थांकडे पाहिले की एक गोष्ट उठून दिसते. बटर, बतासा, खारी, नानखटाई : सारे कोरडे, सारे टिकाऊ, सारे चहात बुडवण्याजोगे. भट्टीने सुरतेला जे दिले त्यात ओले सारण नाही. सारण असलेला भाजलेला पदार्थ दोन-तीन दिवसांत खावा लागतो, तो आगाऊ मागणीशिवाय करून ठेवणे बेकरीवाल्याला परवडत नाही, आणि घरी करायचा तर भट्टी नाही, असा हा पेच होता.

त्यात सोवळ्या-ओवळ्याची भर पडली. भट्टीतला पाव पारशी, मुसलमान किंवा ख्रिस्ती हातचा असे आणि त्यात ताडी असे. त्यामुळे ब्राह्मण, वैष्णव वाणी आणि जैन कुटुंबांत तो वर्ज्य होता. या निषेधाचा इतिहास सुरतेला आणि मराठी विचारविश्वाला एका अनपेक्षित दुव्याने जोडतो. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते आणि दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याबरोबर २२ जून १८४४ रोजी त्यांनी तेथे ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. जातिभेद आणि कर्मकांड यांना विरोध करणाऱ्या या सभेचा पुढचा अवतार म्हणजे १८४९ साली मुंबईत निघालेली ‘परमहंस मंडळी’, आणि या गुप्त मंडळीत प्रवेश घेताना सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा गिळणे ही जातीचे बंधन तोडल्याची खूण मानली जात होती, यावरून तो तुकडा समाजाच्या लेखी किती जड होता ते कळते. सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर १८६० च्या सुमारास मंडळी विस्कटली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, गुदरले त्याचेही मूळ हेच होते. मानवधर्म सभेच्या सुरतेतील वर्षांत दादोबांच्या पाहण्यात ताडीचा वास असलेला पाव आला असण्याची शक्यता आहे. मुंबईच्या मंडळीतील पावाची शपथ सुरतेच्या गल्लीत सुचली असे मात्र पुराव्याशिवाय म्हणता येणार नाही.

घरात भट्टी नसली तरी भट्टीची नक्कल करण्याचे कौशल्य पश्चिम भारतातील अनेक घरांत होते, आणि घरगुती पायचा खरा पूर्वज तेथे सापडतो. गुजराती हांडवो, म्हणजे तांदूळ आणि डाळीच्या आंबवलेल्या पिठाचा जाड खमंग वडा, पूर्वी हांडीत घालून, खाली वाळू आणि मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजला जाई. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोळे आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारे निनाव, म्हणजे बेसन, गूळ व नारळाच्या रसाची भाजलेली वडी, हे दोन्ही पदार्थ ‘खाली-वर निखारे’ या पद्धतीचे आहेत. गोव्याच्या बेबिंक्याचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवरच खरपूस होतो. या सर्व पदार्थांत पारी नाही. ते एकजिनसी आहेत. पारी आणि सारण यांना चहूबाजूंच्या उष्णतेत आणणारा पदार्थ सुरत-नवसारीच्या पारशी घरांत निर्माण झाला, आणि त्याचे नाव ‘दारनी पोरी’.

दारनी पोरी म्हणजे डाळीची पोळी. तुरीची डाळ शिजवून, साखर घालून आटवून, तीत वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते, मनुका आणि साखरेत मुरवलेल्या फळांचे तुकडे मिसळून दाट सारण करतात, ते मैद्याच्या पातळ, तुपाच्या थरांच्या पारीत भरून चांगली दोन-तीन बोटे जाड चकती करतात आणि ती भट्टीत किंवा खाली-वर उष्णता देऊन सोनेरी रंगावर भाजतात. नवरोजसारख्या शुभदिनी ती केली जाते आणि वडीसारखे नव्हे, तर पायसारखे, त्रिकोणी तुकडे कापून वाढली जाते. मराठी पुरणपोळीशी तिचे नाते नाकारता येत नाही : तसेच डाळीचे पुरण, तेच सुगंधी मसाले. पण पुरणपोळी लाटली जाते, म्हणून पातळ होते, म्हणून तव्यावर उलटता येते. दारनी पोरी लाटली जात नाही, म्हणून जाड राहते, म्हणून तिला भट्टी लागते. पारशी समाजाने गुजरातच्या डाळीचे सारण, इराणी सुका मेवा आणि फिरंगी भट्टी यांना एकत्र आणले, आणि सफरचंदाविना पाय तयार केला, असे या पदार्थाविषयी म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. पारशी घरांत ताडीचाही घरगुती उपयोग होता. ‘भाकरा’ हे तळलेले गोड वडे ताडीनेच फुगवले जात.

या पारीच्या घडणीकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण हवामानाचा आणि हस्तकौशल्याचा संबंध तिच्यात स्पष्ट होतो. युरोपीय पायच्या पारीत थंड लोण्याचे लहान तुकडे पिठात न विरघळता ठेवतात. भट्टीत लोणी वितळले आणि त्यातील पाण्याची वाफ झाली की पिठाचे पापुद्रे सुटतात. ही रीत थंड स्वयंपाकघराची आहे. सुरतेसारख्या दमट, उष्ण गावात लोणी हाताच्या उबेनेच वितळून पिठात मुरते आणि पारी खुसखुशीत होण्याऐवजी तेलकट व कडक होते. पश्चिम भारतातील गृहिणींनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ‘साटा’. तूप हाताने पांढरे होईपर्यंत फेसून त्यात तांदळाची पिठी मिसळायची, हा लेप लाटलेल्या पोळ्यांवर पसरून पोळ्यांची गुंडाळी करायची आणि तिचे तुकडे पुन्हा लाटायचे. तांदळाच्या पिठीत गव्हासारखा चिवट अंश नसल्यामुळे ती थरांना एकमेकांत मिसळू देत नाही, आणि तूप वितळले तरी पिठी जागेवर राहते. चिरोटे आणि साट्याच्या करंज्या यांचे पापुद्रे असेच सुटतात. दारनी पोरीच्या पारीतही तूप आणि तांदळाच्या पिठीचा लेपच असतो. थंडीच्या जागी पिठी वापरण्याची ही युक्ती इतकी सोपी आहे की तिच्याकडे तंत्र म्हणून क्वचितच पाहिले गेले.

सुरतेची प्रसिद्ध घारी हा या घराण्यातला दुसरा, तळणीकडे वळलेला पदार्थ आहे. खवा, पिस्ते आणि वेलची यांचे सारण मैद्याच्या पारीत भरून तुपात तळायचे आणि वरून घट्ट तुपाचा थर चढवायचा, असे तिचे रूप असून कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, ‘चांदनी पडवो’ या सणाला, सुरतेत ती घरोघरी खाल्ली जाते. १८५७ च्या उठावात तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी ती प्रथम केली गेली अशी दंतकथा आहे. तात्या नर्मदा ओलांडून गुजरातच्या बाजूला आले ते १८५८ च्या अखेरीस आणि त्यांची लढाई छोटा उदेपूरजवळ झाली, सुरतेत नव्हे, त्यामुळे कथेला इतिहासाचा आधार नसला तरी सुरतकरांनी आपल्या लाडक्या मिठाईचे श्रेय एका मराठी सेनापतीस द्यावे, हे लक्षणीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल झाले. १८६४ पर्यंत सुरत रेल्वेने मुंबईशी जोडली गेली आणि सुरती नानखटाई, बटर व खारी हे मुंबईच्या पेठेत स्थिरावले. तेथून ते पुण्यापर्यंत पोहोचले. दुसरा बदल ताडीसंबंधी होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीवर जबर कर आणि परवान्यांचे बंधन आले, आणि पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने, तसेच १९६० साली वेगळ्या झालेल्या गुजरातने ती बंदी चालू ठेवल्याने, ताडीने पीठ आंबवणे कायदेशीरदृष्ट्या अशक्य झाले. बेकरीवाले तयार यीस्टकडे वळले. ताडी गेल्यामुळे पावाचा एक आंबूस गंध गेला, परंतु त्याबरोबर सोवळ्याचा एक मोठा अडसरही गेला. शुद्ध शाकाहारी बेकरी ही आज सुरतेत अगदी सामान्य गोष्ट वाटते, पण तिच्या मागे कायद्याचाही हात आहे.

दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फळही जवळ येऊ लागले होते. कुलू खोऱ्यात कॅप्टन ली याने १८७० साली विलायती सफरचंदांची बाग लावली आणि १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने सिमल्याजवळच्या कोटगड येथे अमेरिकेहून आणलेल्या ‘रेड डिलिशस’ जातीची लागवड केली. हीच गोड, लाल, मऊ जात पुढे भारतीय बाजारात सफरचंदाचे प्रमाण ठरली. पायसाठी मात्र ती फारशी योग्य नाही. तिच्यात आंबटपणा कमी असतो आणि भाजल्यावर तिच्या फोडी गळून लगदा होतात, म्हणून भारतीय घरात पाय करणाऱ्याला लिंबाचा रस घालून आंबटपणा वाढवावा लागतो आणि फोडी आधी कढईत आटवून त्यांचे पाणी कमी करावे लागते. म्हणजे सफरचंदाचे पुन्हा पुरणच करावे लागते.

घरच्या पिठाला बाहेरची भट्टी ही तडजोड महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. दिवाळीच्या आधी नानखटाईचे पीठ घरी तुपात फेसून, गोळे करून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून, नावाची चिठ्ठी लावून जवळच्या बेकरीत भाजायला दिले जाई आणि भट्टीवाला ट्रेमागे पैसे घेई. घरातील तूप, घरातील हात आणि परक्याचा अग्नी, अशी ही विभागणी होती, आणि परमहंस मंडळीला जो तुकडा धाडस म्हणून गिळावा लागला होता, त्याच भट्टीतून शंभर वर्षांनी ब्राह्मणघरचा दिवाळीचा फराळ निघत होता. विजेचा लहान गोल ओव्हन, ज्याच्या झाकणाला काचेची खिडकी असते, आणि वाळू पसरलेला, शिट्टी काढलेला कुकर यांनी ही फेरीही संपवली. ओव्हनच्या कंपन्यांबरोबर येणाऱ्या कृतिपुस्तिकांतून केक, बिस्किटे आणि पाय हे पदार्थ मध्यमवर्गीय घरांत एकदमच शिरले, आणि त्यांत पाय सर्वांत कमी टिकला, कारण त्याला दोन पाऱ्या, आटवलेले सारण आणि अर्धा दिवस लागत असे, तर केकला एक भांडे पुरे होई.

आजच्या सुरतेत लिंबायत, उधना आणि डिंडोली या भागांत खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने आलेल्या, कापडाच्या मागांवर राबणाऱ्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या सणाला मांडे होतात. पुरण भरलेली ही पोळी हातांवर झेलत-झेलत मोठी करून, विस्तवावर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकली जाते. ती इतकी पातळ असते की उलटण्याआधीच निम्मी भाजून होते. तेथून काही मैलांवर, नानपुऱ्याच्या बाजूला, डाळीच्याच गोड पुरणाची दोन बोटे जाड दारनी पोरी भट्टीतून काढून थंड व्हायला ठेवलेली असते, आणि ती गरम असताना कापायची नाही, असा दंडक पारशी घरांत पाळला जातो, कारण सारण बसण्याआधी सुरी लावली तर पापुद्रे सुटून येतात आणि पुरण ताटलीत पसरते.